संकेतस्थळ चालू आहे, पण कशावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेस प्रणालीवर उभी आहेत, तिने स्वतःला चालण्यासाठी लागणारी पीएचपी या संगणकीय भाषेची किमान आवृत्ती २०१९ ते २०२४ या काळात तीनदा वाढवली : मे २०१९ मध्ये ५.६, ऑगस्ट २०२३ मध्ये ७.० आणि जुलै २०२४ मध्ये ७.२. दर वेळी ‘सुरळीत चाललेले कशाला मोडता?’ अशी तक्रार होते. एका लहान सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ हौसेने सांभाळणारा कार्यकारिणी सदस्य म्हणून मीही ती केली आहे. आज मात्र मला ही वाढ घाईची नव्हे, तर उशिराची वाटते.

२०१९ पर्यंत वर्डप्रेस पीएचपी ५.२ वरही चालत असे, आणि त्या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनी जानेवारी २०११ मध्येच थांबवली होती. एखाद्या जुन्या आवृत्तीचा वापर साधारण पाच टक्क्यांच्या खाली उतरला की मगच तिचा आधार काढायचा, असे वर्डप्रेसचे धोरण आहे. मागे राहिलेल्यांसाठी याहून जास्त थांबणे कठीण. जुलै २०२४ मध्ये किमान ठरलेल्या ७.२ च्या सुरक्षा-दुरुस्त्याही पीएचपीकडून नोव्हेंबर २०२० मध्येच संपल्या होत्या. त्यामुळे ‘किमान’ या शब्दाचा अर्थ कोणी ‘पुरेशी’ असा घेऊ नये.

अडचण अशी की, सर्व्हरवरची (संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्यावरची) पीएचपी जुनी असली तरी संकेतस्थळ बंद पडत नाही. वर्डप्रेस फक्त पुढची आवृत्ती देऊ करणे थांबवते आणि डॅशबोर्डवर, म्हणजे संकेतस्थळ सांभाळण्याच्या पानावर, एक सूचना लावते, जी तिथे लॉगिन करणाऱ्यालाच दिसते. आमच्याकडे दीड वर्ष कोणीच लॉगिन केले नव्हते. सर्व्हरवर पीएचपी ५.६ होती, म्हणून वर्डप्रेस ऑगस्ट २०२३ पूर्वीच्या ६.२ या आवृत्तीवरच अडकले होते. वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या सौजन्य म्हणून मिळत राहतात हे खरे, पण त्याखालच्या पीएचपी ५.६ ला जानेवारी २०१९ नंतर पीएचपी प्रकल्पाकडून काहीही मिळालेले नाही. होस्टिंग कंपनीने इंग्रजीतून ईमेल पाठवले होते, तेही निवृत्त झालेल्या चिटणीसांच्या पत्त्यावर.

शेवटी आम्ही पीएचपी ७.४ निवडली आणि सभासद नोंदणीचे पान कोरे झाले. २०१३ साली एका ओळखीच्या मुलाने लिहिलेला तो फॉर्म डेटाबेसशी जोडणी करण्यासाठी जी जुनी फंक्शन्स वापरत होता, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधूनच काढून टाकलेली आहेत. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने चहापाण्यावर काम केले होते आणि नंतर त्याला कोणी विचारलेही नाही. दुरुस्तीला दोन संध्याकाळी लागल्या. हेच काम दर दोन वर्षांनी थोडे थोडे होत गेले असते, तर ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

वाचनालये, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्या अंदाजपत्रकात डोमेन आणि होस्टिंगचा खर्च असतो, पण देखभालीची ओळ नसते. छपराची कौले दर पावसाळ्याआधी तपासणाऱ्या या संस्था संकेतस्थळ मात्र ‘एकदा करून घेतले’ असे म्हणून मोकळ्या होतात. वार्षिक सभेपूर्वी चिटणीसांनी वर्डप्रेसमधले ‘साइट हेल्थ’ हे पान एकदा उघडून पीएचपीची आवृत्ती पाहावी आणि बदल करण्याआधी बॅकअप घेऊन चाचणीच्या प्रतीवर तो करून बघावा. होस्टिंग कंपन्यांनीही अशी सूचना मराठीत, आणि निदान दोन पत्त्यांवर पाठवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचनालय कार्यकर्ता, सातारा जिल्हा