पन्नासची स्वस्त लेन्स : कौतुक कुठे खरे, कुठे अपुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवा कॅमेरा घेतलेल्याला पहिला सल्ला मिळतो तो ५० मिमी एफ/१.८ची प्राइम लेन्स घेण्याचा. प्राइम म्हणजे झूम न होणारी. मिमीचा आकडा वाढला की दृश्य अरुंद होते, आणि एफचा आकडा जितका लहान तितके प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे. छायाचित्रणावरच्या सदरांतही हा सल्ला वारंवार वाचायला मिळतो. सल्ला खोटा नाही. पण तो एका ओळीत संपतो, आणि ती ओळ वाचून घेतलेल्या कितीतरी लेन्स दोन महिन्यांत कपाटात जातात. फोटो मऊ (पुरेसे तीक्ष्ण नसलेले) आले, डोळे फोकसमध्ये नाहीत, घरात काढताना माणसे फ्रेममध्ये मावत नाहीत, अशा तक्रारी मग सुरू होतात. यातली कुठली खोट लेन्सची, कुठली कॅमेऱ्याशी न जुळण्याची आणि कुठली वापराची, हे वेगळे केल्याशिवाय या लेन्सला न्याय मिळणार नाही.

आधी ती स्वस्त का, ते पाहू. तिची मूळ रचना १८९६ सालची. झाइस कंपनीत पाउल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ या नावाने ती केली. छिद्राच्या पुढे आणि मागे जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबे असावीत असे भिंगांचे दोन गट, ही तिची कल्पना. पुढच्या गटाने आणलेले दोष मागचा गट बऱ्याच अंशी पुसून टाकतो. सरळ रेषा वाकणे, कडेला रंग फाटणे हे दोष त्यामुळे मुळातच कमी राहतात. सुरुवातीला या रचनेला एकच मोठी अडचण होती. काच आणि हवा यांच्या सीमा जास्त असल्याने आतल्या आत प्रकाश परावर्तित होऊन चित्र धुरकट व्हायचे. १९३५च्या सुमारास झाइसमध्ये काचेवर परावर्तनरोधक लेप देण्याचे तंत्र आले आणि ती अडचण सुटू लागली.

दुसरे कारण भूमितीचे आहे. एसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात लेन्सचा माउंट (जोडाचे कडे) आणि सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) यांच्यामध्ये आरशासाठी जागा सोडावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते अंतर ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. पन्नासची लेन्स या अंतरात सहज बसते. २४ किंवा ३५ मिमीच्या लेन्सला आरसा चुकवण्यासाठी पुढे जादा भिंगे लावून रचना उलटी ताणावी लागते, तशी कसरत इथे नाही. सहा भिंगे, पाच गट, सगळे पृष्ठभाग साधे गोलाकार, एवढ्यात काम भागते. म्हणजे काचेत काटकसर केलेली नाही. काचच कमी लागते.

काटकसर केलेली असते ती बाकी सगळ्यात. कॅननची १९९० सालची दुसरी आवृत्ती घ्या. वजन १३० ग्रॅम, माउंट प्लास्टिकचा, छिद्राची पाती पाच, फोकसची छोटी मोटर गुरगुरणारी, आणि हाताने फोकस करायची कडी इतकी अरुंद की बोटात धड येत नाही. पडली तर तिचे दोन तुकडे होण्याची शक्यता खरीच. २०१५ साली आलेल्या एसटीएम (स्टेपिंग मोटर असलेल्या) आवृत्तीत भिंगांची मांडणी तीच सहा-पाचची राहिली. पण माउंट धातूचा झाला, पाती सात आणि गोलसर झाली, जवळात जवळचे फोकस ४५ सेंटिमीटरवरून ३५वर आले. वापरलेली लेन्स घेताना या दोन्हींत निवड असेल तर एसटीएमच घ्यावी. फोटोच्या तीक्ष्णतेत फार अंतर नाही. फरक तिच्या टिकाऊपणात आणि फोकसच्या भरवशात आहे.

आता तिचा खरा गुण, म्हणजे प्रकाश. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स पन्नासवर नेली की एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ला तिच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो, म्हणजे सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). किट लेन्सने जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागतो तिथे ६४०वर भागते. किंवा आयएसओ तोच ठेवला तर १/१५ सेकंदाचा शटर १/१२५च्या पुढे जातो आणि हलणारे मूल हललेले दिसत नाही. एवढा फरक इतक्या कमी खर्चात देणारे दुसरे साधन छायाचित्रणात नाही. एफ/१.४ची लेन्स यापुढे फक्त दोन-तृतीयांश स्टॉप देते. महागड्या पन्नासमध्ये पैसा जातो तो मुख्यतः पूर्ण उघड्या छिद्रालाही चित्र कसदार ठेवण्यात. सिग्माच्या ५० मिमी एफ/१.४ आर्टमध्ये तेरा भिंगे आहेत आणि वजन ८१५ ग्रॅम. शेजारी दीडशे ग्रॅमची सहा भिंगांची लेन्स ठेवली की पैसा कुठे गेला ते हातालाच कळते.

आणि इथेच स्वस्त पन्नासची मर्यादा सुरू होते. एफ/१.८ला मधला भाग तपशील दाखवतो, पण त्यावर पातळ दुधाळ साय असते. तपशिलांच्या कडा तीक्ष्ण असूनही कॉन्ट्रास्ट कमी वाटतो. हा गोलीय विपथनाचा, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न मिळण्याचा, परिणाम. कोपरे मऊ आणि मधल्यापेक्षा काळे पडतात. रात्रीचे दिवे कोपऱ्यात असतील तर ते ठिपक्याऐवजी पंख पसरल्यासारखे दिसतात. चकाकत्या धातूवर, पांढऱ्या कापडाच्या कडेवर रंगीत झालर येते, फोकसच्या पुढच्या भागात जांभळट आणि मागच्या भागात हिरवट. संगणकावर ‘क्रोमॅटिक ॲबरेशन काढा’ या खुणेवर टिचकी मारून ही झालर जात नाही. ती खूण कडेच्या रंगफाटीसाठी असते. इथे डीफ्रिंजचे (झालर पुसणारे) स्लायडर लागतात, आणि ते जास्त ओढले तर जांभळ्या कपड्यांचा खरा रंगही उडतो. एफ/२.८ला मात्र साय गळून पडते, झालर बरीचशी ओसरते आणि मधला भाग कोणत्याही महाग झूमच्या तोडीचा होतो. एफ/५.६पर्यंत कोपरेही सावरतात. एफ/२.८ला जाताना सव्वा स्टॉप प्रकाश द्यावा लागतो, तरीही किट लेन्सपेक्षा दोन स्टॉप पदरात राहतात. या लेन्सची खरी जागा एफ/२.२ ते एफ/४. एफ/१.८ हाताशी असलेला राखीव साठा समजावा.

पण मऊ फोटोंच्या बहुतेक तक्रारी काचेच्या नसतात. त्या फोकसच्या खोलीच्या असतात. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ/१.८ला स्पष्ट दिसणारी पट्टी पुढे-मागे मिळून साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास असते. एक मीटरवर ती चार सेंटिमीटर, आणि ४५ सेंटिमीटरवर जेमतेम आठ मिलिमीटर. चेहरा जरा वळलेला असेल तर जवळचा डोळा स्पष्ट आणि दूरचा पुसट येणारच. त्यात अनेकांना मधल्या बिंदूवर फोकस धरून मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवायची सवय असते. दीड मीटरवर कॅमेरा १५ अंश फिरवला तर फोकसचे प्रतल (सर्वात स्पष्ट दिसणारी सपाट पातळी) डोळ्यांच्या पाच सेंटिमीटर मागे जाते, आणि डोळ्यांच्या बाजूला पट्टीचा अर्धा भाग, साडेचार सेंटिमीटरच, शिल्लक असतो. डोळा गेला, कान मिळाला! एफ/५.६ला ही सवय खपून जाते, एफ/१.८ला नाही. फोकसचा बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवावा. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो सुरू करावा. समोरचा माणूस किंवा आपण स्वतः किंचित पुढेमागे होत असतोच, म्हणून एका फोटोवर न थांबता तीन-चार काढावेत. दोन माणसे असतील तर एफ/२.८च्या खाली जाऊ नये. गटासाठी एफ/५.६.

डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. व्ह्यूफाइंडरचा नेहमीचा पडदा साधारण एफ/२.८ची खोली दाखवतो. एफ/१.८ला जे फोकसमध्ये दिसते ते प्रत्यक्षात तसे नसते, म्हणून हाताने फोकस करायचा तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे दृश्य) सुरू करून दहापट मोठे करून पाहावे.

कॅमेऱ्याशी न जुळण्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा, आणि सल्ल्यात तोच गळतो. पन्नासला ‘नॉर्मल’ म्हणतात ते ३६ बाय २४ मिमीच्या फ्रेमवर, जिथे ती कर्णावर सुमारे ४७ अंश पाहते. नवशिक्याच्या हातात बहुधा क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सर असतो. त्यावर तीच लेन्स ७५ किंवा ८० मिमीसारखी अरुंद पाहते. खांद्यापर्यंतच्या चेहऱ्यासाठी हे उत्तम. पण उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढायला सव्वाचार मीटर मागे जावे लागते, आणि तीन मीटर रुंद ओळीत बसलेल्या मंडळींसाठी साडेसहा मीटर. एवढी खोली किती घरांत असते? ज्याला घरातले, मुलांचे, चारचौघांचे फोटो एकाच लेन्सने काढायचे आहेत त्याने क्रॉप सेन्सरवर ३५ मिमी घ्यावी. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स २००९पासून नेमकी यासाठीच आहे. कॅननच्या क्रॉप डीएसएलआरसाठी २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे. तिच्यात प्रकाश सव्वा स्टॉपने कमी, पण माणसे मावतात.

निकॉनच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ५० मिमी एफ/१.८डी या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटरच नाही. ती कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर वापरते. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत ती मोटर नसते, त्यामुळे तिथे फोकस हाताने करावा लागतो. एफटीझेड ॲडॉप्टर (जुन्या लेन्स बसवणारा जोड) लावून निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांवरही तेच. २०११ची ‘जी’ आवृत्ती घेतली की प्रश्न मिटतो. तिच्यात सात भिंगे आहेत आणि मोटर लेन्समध्येच आहे. सोनीची २०१६ सालची एफई ५० मिमी एफ/१.८ चित्राला चांगली आहे, पण फोकसला संथ आणि आवाज करणारी. व्हिडिओ करणाऱ्याने तो आवाज माइकमध्ये येतो हे धरूनच चालावे.

स्वस्त लेन्समध्ये एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत फरक पडतो, म्हणून परत करण्याची मुदत असतानाच ती तपासावी. साधन म्हणून आपले वर्तमानपत्र पुरेसे आहे. सपाट भिंतीवर फ्रेमच्या मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी पाने ताणून चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर अडीच मीटर. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का हे पाहण्यासाठी मधल्या पानावर सपाट आरसा टेकवा. लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी दिसले की जुळले. दोन सेकंदांचा टायमर लावून, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एफ/१.८, २.८ आणि ५.६ असे फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो या रचनेचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल आणि एफ/५.६लाही तशीच राहत असेल तर भिंगे मध्यापासून सरकलेली आहेत. असा नग बदलून घ्या, घरी दुरुस्त होणारा हा दोष नव्हे. मधे संशय आला तर कोपऱ्यावर फोकस करून पाहा. चारही कोपऱ्यांत अशी अक्षरे लख्ख झाली तर फोकसचे प्रतल सपाट नसून वक्र आहे, लेन्स बिघडलेली नाही.

डीएसएलआरवर ऑटोफोकसची चाचणी वेगळी करावी. उभ्या डब्यावर फोकस धरायचा आणि शेजारी ४५ अंशांत कललेली मोजपट्टी ठेवायची. पट्टीवरचा स्पष्ट भाग दहाही फोटोंत डब्याच्या एकाच बाजूला सरकत असेल तर लेन्स आणि बॉडीचे फोकस जुळत नाही. मेनूत ऑटोफोकस फाइन ट्यूनची सोय असेल तर ते जुळवता येते. सुरुवातीच्या स्तरावरच्या बहुतेक बॉडींत ही सोय नसते, तिथे सर्व्हिस सेंटर किंवा लाइव्ह व्ह्यू हेच मार्ग. स्पष्ट भाग कधी पुढे, कधी मागे जात असेल तर तो ऑटोफोकसचा अस्थिरपणा आहे, आणि ट्यूनिंगने तो जात नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही भानगड नाही.

वापरलेली लेन्स घेताना टॉर्च मागून मारून आत बुरशीचे जाळे आहे का पाहावे, आणि छिद्राच्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का तेही. तेलकट पाती उशिरा मिटतात आणि मग लागोपाठच्या फोटोंत उजेड कमी-जास्त होतो.

शेवटी एक काळजी. एसटीएम पन्नासची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते आणि कॅमेरा बंद केला की तशीच राहू शकते. त्या नळीवर दाब किंवा धक्का बसला की आतली चाके बिघडतात. बॉडीच्या मेनूत बंद करताना नळी आत घेण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा, नसेल तर बंद करण्याआधी दूरच्या वस्तूवर फोकस करून ती आत आणावी. पुढे हलक्या प्रतीचा यूव्ही फिल्टर लावण्यापेक्षा हूड (लेन्सपुढचे आडोशाचे कडे) लावावे. रात्री दिव्यांच्या समोर असा फिल्टर फोटोत दिव्यांची भुते, म्हणजे पुसट प्रतिबिंबे, उमटवतो.

आपल्या छायाचित्रणविषयक मजकुरात ही लेन्स पुन्हा सुचवली जाईल, आणि जायलाही हवी. एवढीच विनंती, की सल्ल्याच्या आधी वाचकाला दोन प्रश्न विचारावेत : तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा आहे, आणि घेताय त्या लेन्सचा ऑटोफोकस तुमच्या बॉडीवर चालतो का?

कळावे,
आपला नियमित वाचक