चित्रे कोणाची, हेही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या लेखांत ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ या शरीररचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा उल्लेख नेहमी एकट्या हेन्री ग्रे यांचा ग्रंथ म्हणून होतो, आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. मजकूर ग्रे यांचा आहे, हे खरेच. परंतु १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ चित्रांसाठी हाती पेन्सिल धरली होती ती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टराने, आणि शवविच्छेदनाचे कामही दोघांनी मिळून केलेले होते.

मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले. टेबलावरच्या देहात रोहिणी कोणती आणि मज्जातंतू कोणता हे न कळून गोंधळलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मजकूर वाचत बसत नाही. तो थेट चित्र उघडतो. कार्टर यांच्या चित्रात त्याला रोहिणीचे नाव रोहिणीच्याच अंगावर, तिच्या वळणाने लिहिलेले सापडते. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत अवयवांवर आकडे किंवा अक्षरे घालून खाली त्यांची यादी देत, त्यामुळे नजर सारखी वरखाली करावी लागे. हा त्रास ज्याने वाचवला तो चित्रकार तर होताच, शिवाय स्वतः शवविच्छेदन करणारा वैद्यही होता. वडील जलरंगचित्रकार असल्यामुळे हाताला वळण घरीच लागले असावे. ही चित्रे कार्टर लाकडी ठोकळ्यांवर, छापल्यावर सुलट उमटावीत म्हणून उलटी काढत आणि मग कोरक्ये ती कोरून काढत.

या कामाचे कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. ग्रे यांना मात्र विकल्या जाणाऱ्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते. शीर्षकपृष्ठाची मुद्रिते आली तेव्हा ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घ्यायला सांगितले आणि त्यांच्या नव्या पदाचा उल्लेख खोडला. ग्रे यांची विद्वत्ता मला मान्य आहे, आणि १८६१ साली देवीच्या रोगाने ते अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले याचे वाईटही वाटते. पण ही खाडाखोड काही केल्या पटत नाही.

खोडलेले ते पद मुंबईचे होते. पुस्तक दुकानांत येण्यापूर्वीच कार्टर मुंबईस आले होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले होते. पुढे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाले. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात काटा मोडावा, पाय हळूहळू सुजून बेढब व्हावा, त्याला छिद्रे पडून त्यांतून पुवाबरोबर बारीक काळे दाणे यावेत, असा तो ‘मदुरा फूट’चा आजार. त्याचे मूळ बुरशीत आहे, हे कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाणे तपासून मांडले, ‘मायसेटोमा’ हे नाव रूढ केले आणि १८७४ साली त्यावर सचित्र ग्रंथ काढला. या रोगाचे काही प्रकार जीवाणूंमुळे होतात हे नंतर कळले, पण पायवाट त्यांचीच. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी तर ते थेट नॉर्वेला जाऊन आले.

१८७७ च्या दुष्काळात दख्खनमधून पोटासाठी मुंबईत आलेल्या लोकांमध्ये उलटून उलटून येणारा ताप पसरला, तेव्हा कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू दाखवून दिले. तो ताप त्यांना स्वतःलाही झाला. सुमारे तीस वर्षांच्या नोकरीनंतर १८८८ साली ते निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि १८९७ मध्ये स्कारबरो येथे वारले.

ग्रंथाचे नाव आता बदलणार नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. मात्र यापुढे आपण त्यातील एखादे जुने चित्र छापाल, तेव्हा त्याखाली ‘चित्र : एच. व्ही. कार्टर’ एवढी एक ओळ अवश्य द्यावी, आणि ती शीर्षकपृष्ठावरच्या नावासारखी लहान टाइपात नसावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा