देवगिरीचं खापर मिठावर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला घातलेल्या वेढ्यावरचा लेख वाचला, फोटो झकास आलेत पण हेडिंग वाचून डोकंच फिरलं, 'मिठाने केला घात' म्हणे. आमचं किराणा होलसेलचं दुकान आहे, तीस वर्षं पोत्यांत गेली, म्हणून लिहितोय.

मिठाचं पोतं लपत नाही हो. जरा दमट हवा झाली की पाझरतं, तागावर पांढरं फुटतं, बोट लावून चाटलं की विषय संपला. पण त्यासाठी कोणीतरी थांबून बघायला पाहिजे ना! कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी शत्रू आला म्हणून पोती टाकून पळाले आणि गडावरच्यांनी ती धान्य समजून घाईघाईत वर चढवली, वेढ्यात उघडली तर आत मीठ, अशी गोष्ट आहे. ती लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता, तोही विजापुरात बसून, तीनशे वर्षांनी.

समजा खरी धरली, तरी ती शेवटची गोष्ट झाली. १२९६ साली कडा या उत्तरेतल्या प्रांताचा सुभेदार असलेला अल्लाउद्दीन, दिल्लीचा सुलतान आणि आपला चुलता-सासरा दोन्ही असलेल्या जलालुद्दीनला पत्ता लागू न देता निघतो, चंदेरीवरून आपल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, येतो, राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललोय अशी हूल उठवतो आणि काही हजार घोडेस्वार घेऊन थेट देवगिरीवर येऊन धडकतो, तेव्हा देवगिरीचा राजा रामदेवराय याची मुख्य फौज पोराबरोबर, शंकरदेवाबरोबर, लांब गेलेली! गडाच्या अलीकडे घाटात कान्हा नावाच्या सरदाराने अडवलं, त्याच्याबरोबर दोन बायकाही जिवावर उदार होऊन लढल्या असं चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो, पण तुमच्या लेखात त्यांना एक ओळ नाही. फोटोला मात्र अर्धं पान.

त्यात मागून सुलतानाची २०,००० ची फौज येतेय ही दुसरी हूल. शंकरदेव परत आला तेव्हा लढाई जवळजवळ हातात आलेली. पण किल्ल्यावर नजर ठेवायला मागे ठेवलेला अल्लाउद्दीनचा सरदार नुसरतखान हजारेक स्वार घेऊन मदतीला धावला, आणि तो धुरळा बघून आपल्या लोकांना वाटलं आली दिल्लीची फौज, झालं, पळापळ. पोती उघडायची वेळ आली ती या सगळ्यानंतर. तेव्हा हेडिंग द्यायचंच तर 'अफवेने केला घात' द्या, तेही दोनदा.

आणि देवगिरीहून लुटून नेलेलं सोनं पुढे कुठे गेलं हे लिहायला पाहिजे होतं. त्याच वर्षी चुलत्याला मारून अल्लाउद्दीन दिल्लीला निघाला तेव्हा मुक्कामाला मंजनीक लावायचा, म्हणजे किल्ल्यावर दगड फेकायचं यंत्र, आणि त्यातून पाच मण सोन्याच्या चांदण्या जमलेल्या लोकांवर उधळायचा, असं दिल्लीचा इतिहासकार बरनी याने लिहून ठेवलंय. लोक वेचायला तुटून पडायचे, रोज गर्दी वाढायची, फौजही वाढायची. सोनं आपल्या देवगिरीचं.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा.

आपला,
एक किराणा दुकानदार, छत्रपती संभाजीनगर