विषय : लेव्हल चेक बंद करायला सांगून आमच्या स्टॉक फाइलचे नुकसान केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या सपोर्ट विभागाशी काल सायंकाळी झालेल्या पाचव्या फोननंतर हे पत्र लिहीत आहे.

आपल्या अपडेटने स्टॉक मास्टर फाइलमध्ये आयटम कोड आणि शिल्लक यांच्या मधोमध एचएसएनसाठी (जीएसटीत मालाचा प्रकार दाखवणाऱ्या क्रमांकासाठी) चार अक्षरांचे नवे फील्ड घातले, मात्र ती फाइल वापरणारा मटेरियल इश्यूचा (भांडारातून माल देण्याचा) प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला नाही. साहजिकच तो दुसऱ्या दिवशी सीपीएफ४१३१ हा लेव्हल चेकचा एरर देऊन थांबला. आमच्या एएस/४०० या आयबीएम संगणकाने हे योग्यच केले. कंपाइल होताना प्रोग्रामात रेकॉर्ड फॉरमॅटचा (फील्ड्सच्या रचनेचा) जो लेव्हल आयडेंटिफायर, म्हणजे ओळखखूण, नोंदला जातो, तो फाइल उघडताना फाइलमधल्या आयडेंटिफायरशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर फाइल उघडत नाही, हाच लेव्हल चेक, हे आपल्या माणसांना मी सांगावे लागू नये.

आपल्या प्रतिनिधींनी सांगितले, "साहेब, ती नुसती सूचना आहे. सीएचजीपीएफ (फाइलची सेटिंग बदलणारी कमांड) देऊन लेव्हल चेक 'नो' करा." फील्ड शेवटी नसून मध्ये घातले आहे, मग पुढची सगळी फील्ड्स चार बाइट सरकणार नाहीत का, असे मी विचारले. ते म्हणाले, "आमचे सगळे क्लायंट तेच करतात." मी पुन्हा तेच विचारले, तेव्हा, "तुम्हाला प्रोग्राम चालू हवा आहे की चर्चा हवी आहे?" असे ऐकवून त्यांनी फोन ठेवला. उत्पादन खोळंबले होते, म्हणून मी चेक बंद केला. ती चूक मला अजूनही सलते.

प्रोग्राम चालू झाला. भांडारात बेअरिंगचे १२ नग होते. स्क्रीनवर शिल्लक ८४८२ दिसली आणि ४५० रुपयांचा दर १२ रुपये ४ पैसे झाला. ८४८२ हा बेअरिंगचा एचएसएन आहे; प्रोग्राम तोच शिल्लक म्हणून वाचत होता आणि शिल्लक व दराचे सुरुवातीचे अंक मिळून दर म्हणून. फील्ड्स झोन्ड (एका बाइटमध्ये एक अंक ठेवणारी) असल्यामुळे चुकीच्या जागचे अंकही वैध ठरले आणि डेसिमल डेटा एररसुद्धा आली नाही. दोन नग दिल्यावर प्रोग्रामने ८४८० लिहिले, ते एचएसएनच्या जागी जाऊन बसले, ८४८० हा साच्यांचा एचएसएन, आणि आमची बेअरिंगे कागदोपत्री साचे झाली. खरी शिल्लक १२ च राहिली. अशा शेकडो नोंदी आता हाताने तपासाव्या लागत आहेत.

काल हे सांगितल्यावर उत्तर मिळाले, की फाइल मी उघडून पाहायलाच नको होती. ती फाइल आमची आहे, महोदय, आणि तिच्यावरचे एकमेव कुलूप आपल्या सांगण्यावरून काढले गेले.

डीएसपीपीजीएमआरईएफ (कोणता प्रोग्राम कोणती फाइल वापरतो हे दाखवणारी कमांड) वापरून त्या फाइलवरच्या सर्व प्रोग्रामांची यादी काढून ते पुन्हा कंपाइल करून द्यावेत आणि त्यानंतर लेव्हल चेक 'येस' करावा. त्याला वेळ हवा असल्यास तोपर्यंत जुन्या फॉरमॅटची लॉजिकल फाइल (तीच माहिती जुन्या रचनेत दाखवणारी फाइल) द्यावी. ती पहिल्याच दिवशी देता आली असती. बिघडलेल्या नोंदी आपल्या खर्चाने दुरुस्त कराव्यात. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास वार्षिक देखभाल कराराचा पुढचा हप्ता आम्ही भरणार नाही. अकरा वर्षांच्या व्यवहारानंतर हे लिहावे लागत आहे, याचे वाईट वाटते.

आपला,
संगणक विभागप्रमुख