कोल्हापुरात पर्यटकांसाठी वर्तुळ बस हवी

रेल्वे स्थानकावर किंवा मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेल्या भाविकाला अंबाबाई मंदिर, रंकाळा आणि न्यू पॅलेस एकाच बसने गाठता यायला हवेत. केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या बससेवेने, यासाठी वर्तुळ मार्ग आखावा. फेरी १२ किलोमीटरची आणि गर्दीतला वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर ४८ मिनिटे लागतात. शेवटच्या थांब्यावर १२ मिनिटे गाडी उभी केली की फेरी तासाची होते. म्हणजे दर १५ मिनिटांनी बस द्यायला चार गाड्या पुरतात. पाचवी राखीव असावी.

ही १२ मिनिटे वाचवण्याचा मोह मात्र मुळीच धरू नये. उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसे भेटतात, चढ-उताराला आणखी वेळ जातो, मागची गाडी तिला गाठते. मग दोन गाड्या पाठोपाठ येतात आणि नंतर अर्धा तास एकही नाही. हा उशीर त्या १२ मिनिटांतच भरून निघतो.

मंदिराभोवतीचे रस्ते अरुंद आहेत. तिथे ९ मीटरची मिडी बस बिंदू चौकापर्यंतच न्यावी; पुढे चालत जाता येते. थांब्यावर मार्ग क्रमांक आणि शेवटच्या बसची वेळ ठळक लिहावी, कन्नडमध्येही, कारण बेळगावकडून येणारे भाविक बरेच असतात. रविवार जोतिबाचा वार. त्या दिवशी कार्यालयांच्या मार्गांवरच्या जादा गाड्या जोतिबाच्या डोंगराकडे वळवाव्यात.

– एक प्रवासी, कोल्हापूर