शेजारचं पिवळं घर

ओशनसाइड, कॅलिफोर्निया

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नॉरफोकला घर बघितलंय, साडेतीन लाखांना मिळतंय, व्हीए लोन आहे, सैनिकांसाठीचं सरकारी हमीचं, म्हणून डाउन पेमेंट शून्य." मी "छान" म्हणाले आणि बाबांच्या गुडघ्याचा विषय काढला. तुला ते लागलं असणार. तू नौदलातल्या स्वतःच्या कमाईवर घर घेते आहेस याचा मला आनंदच आहे. पण फौज आणि घर हे दोन शब्द एकत्र आले की मला शेजारचं ते पिवळं घर दिसतं, गॅरेजवर बास्केटबॉलची रिंग असलेलं. त्याबद्दल मी तुझ्याशी कधीच नीट बोलले नाही. फोनवर जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. तुझी ती मैत्रीण संध्याकाळी आपल्याकडे थालीपीठ खायला यायची, लोणी जास्त मागायची. तिचे बाबा एरवी एसी दुरुस्तीचं काम करायचे आणि मरीन कोअरच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडली की बोलावतात त्या राखीव दलात, होते. २००५ मध्ये त्यांनी घर घेतलं. कर्ज तेव्हा सर्रास विकलं जायचं त्यातलं होतं: पहिली दोन वर्षं व्याज कमी, पुढे बाजाराबरोबर चढणारं. २००७ मध्ये व्याज चढलं आणि त्याच वर्षी त्यांना बोलावणं आलं, इराकला. एसीच्या कामाचे ओव्हरटाइमचे पैसे गेले, तिची आई सुपरमार्केटमध्ये रात्रपाळी करायला लागली, आणि हप्ता मात्र वाढत गेला.

तिची आई माझ्याकडे दोनदा फॅक्स करायला आली होती. नवऱ्याच्या ऑर्डर्सचे, म्हणजे फौजेतल्या बोलावण्याच्या हुकमाचे, कागद बँकेला पाठवायचे होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, की आधी पाठवलेले सापडत नाहीत म्हणतात, दर वेळी फोनवर नवीन माणूस असतो. मी कागद मशीनमध्ये घातले, पोच पावती तिच्या हातात दिली, आणि ते कागद कशासाठी चाललेत हे विचारलंसुद्धा नाही. मी, जी दिवसभर लोकांचे टॅक्सचे कागद वाचते!

नोव्हेंबर २००८ मध्ये तिचे बाबा परत आले. मार्च २००९ मध्ये घर गेलं. कॅलिफोर्नियात बहुतेक फोरक्लोजर, म्हणजे थकलेल्या कर्जापायी घराची विक्री, कोर्टाची पायरी न चढताच होतात. आधी डिफॉल्टची नोटीस येते, तीन महिन्यांनी विक्रीची नोटीस दारावर चिकटवतात, आणि किमान वीस दिवसांनी घराचा जाहीर लिलाव होतो. त्या नोटिशीचा कागद तू पाहिला होतास आणि मला विचारलं होतंस, की यांच्या दारावर काय लावलंय.

त्या रात्री जेवताना मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत. झेपत नव्हतं तर एवढं घर घ्यायचं कशाला?" तू म्हणीचा अर्थ विचारलास आणि मी तो इंग्रजीत नीट समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी तू तो तुझ्या मैत्रिणीला सांगितलास. यात तुझी काही चूक नव्हती गं. आई सांगते ते खरंच असणार, असं त्या वयात वाटतं. त्यानंतर तिची आई माझ्याशी बोलली नाही. त्यांचा भाड्याचा ट्रक सामान भरून निघाला तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. बाहेर गेले नाही.

मी अशी का वागले, ते सांगते. माफी मिळावी म्हणून नाही. हे तुझ्याही रक्तात आहे, म्हणून तुला माहीत असावं. तुझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. गावाकडे विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीला पाणी लागलं नाही, कर्ज तेवढं राहिलं. आजोबा सीमेवर, आणि आजी आम्हा चौघांना घेऊन गावात. तिने हातातल्या पाटल्या मोडल्या, पण हप्ता चुकवला नाही. 'जप्ती' हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. त्या घरात वाढलेल्या मला वाटायचं, की जो फेडतो तो माणूस, आणि जो फेडत नाही त्याचं काहीतरी चुकलेलंच असणार. आजीकडे मोडायला पाटल्या तरी होत्या, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्यात ते दिवस तसे होते. २९ सप्टेंबर २००८ ला बँकांना वाचवण्याचं विधेयक संसदेच्या हाउसमध्ये पडलं आणि शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला. बाबांचं आणि माझं निवृत्तीचं खातं दोन महिन्यांत बघवेना इतकं झालं. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला. १३ ऑक्टोबरला अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना वॉशिंग्टनला बोलावलं आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्या नऊ जणांत मिळून १२५ अब्ज. त्यातल्या एकदोघांना पैसे नकोही होते, पण घ्यावे लागले. तिकडे एका संध्याकाळीत एवढं झालं. इकडे शेजारीण ऑर्डर्सची एक प्रत दोन-दोनदा फॅक्स करत होती.

मग फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी घरमालकांसाठी योजना जाहीर केली, तर दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, रिक सँटेली नावाचा सीएनबीसीचा वार्ताहर शिकागोच्या बाजारातून टीव्हीवर ओरडत होता, की शेजाऱ्याच्या मॉर्गेजचे पैसे भरायला तुमच्यापैकी कोण तयार आहे. मागचे दलाल त्याला साथ देत होते. आणि मी सोफ्यावर बसून मान डोलावली, मनू. माझा शेजारी भिंतीपलीकडे होता. तीनच महिन्यांपूर्वी लढाईवरून आलेला.

डोळे उघडले ते २०११ मध्ये, टॅक्सच्या सीझनला. एक रिझर्विस्ट तरुण बँकेकडून आलेला १०९९-ए फॉर्म घेऊन आला. घर गेलं की तो फॉर्म येतो. तो म्हणाला, "मॅम, माझं घर त्यांना असं विकता येत नव्हतं." मी त्याचं काम करता करता कायदा काढून वाचला. सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट. २००३ सालचा, पण मूळ १९४० च्या कायद्यात. सेवेत रुजू होण्याआधी घेतलेल्या कर्जावर, लेखी अर्ज आणि ऑर्डर्सची प्रत दिली, की ६ टक्क्यांच्या वरचं व्याज घेता येत नाही. ते पुढे ढकललं जात नाही, माफच होतं. आणि असं घर सेवेच्या काळात कोर्टाच्या हुकमाशिवाय विकता येत नाही. सेवा संपल्यावरही आधी ९० दिवस ही मुभा होती, जुलै २००८ पासून ती नऊ महिने झाली होती.

मी पेन खाली ठेवलं. नोव्हेंबर ते मार्च. बोटांवर मोजले, चार महिने. शेजाऱ्यांचं कर्ज २००५ चं, बोलावणं २००७ चं. माझ्याच मशीनमधून गेलेले ते कागद या ६ टक्क्यांसाठी होते. तिने अंथरूण पाहिलं होतं. ते कायद्याने तिला दिलेलं होतं आणि बँकेने पायाखालून ओढून घेतलं होतं.

ते एकटे नव्हते. त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, काँग्रेसच्या समितीसमोर जेपी मॉर्गन चेसने माफी मागितली. सुमारे ४,००० लष्करी कुटुंबांकडून जास्त व्याज घेतलं होतं आणि डझनभराहून अधिक घरं चुकीने जप्त केली होती. साउथ कॅरोलिनातल्या एका मरीन वैमानिकाने दावा लावला म्हणून ते बाहेर आलं. एप्रिलमध्ये ५ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. मे महिन्यात कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीचं प्रकरण आलं, सुमारे १६० सैनिकांची घरं, २ कोटी डॉलर. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांशी ४९ राज्यांची २५ अब्जांची तडजोड झाली, आणि त्यातून २०१५ मध्ये न्याय खात्याने जाहीर केलं, की ज्यांची घरं कोर्टाशिवाय विकली गेली अशा ९५२ सैनिकांना १२ कोटी ३० लाख डॉलर मिळणार. तोवर आपल्या शेजाऱ्यांना हे गाव सोडून सहा वर्षं होत आली होती.

तू म्हणशील, की आई, मग बँकांना बुडू द्यायचं होतं का? नाही. पगाराचे चेक वटले नसते तर बाबांची कंपनी महिनाभर टिकली नसती. बँकांनी ते पैसे व्याजासकट परत केले, सरकारला त्या भागात नफाच झाला, हेही खरं आहे आणि तेही सांगायला हवं. माझं दुखणं वेगळं आहे. पैसे देताना त्यांना कुणी विचारलं नाही, की तुमच्या खात्यांवर किती सैनिक आहेत ते आधी तपासा, त्यांची घरं विकणं आधी थांबवा. ती अट घालायला एक ओळ पुरली असती. ज्यांनी कर्जदाराचं उत्पन्न न तपासता कर्जं विकली, 'हा माणूस सैन्यात नाही' अशा शपथपत्रांवर न वाचता सह्या ठोकल्या, त्यांच्या बाबतीत देश म्हणाला, की झालं ते झालं, आता सावरूया. आणि माझ्या शेजाऱ्याच्या बाबतीत म्हणाला, जबाबदारी घ्यायला शिका. त्या देशात मीही होते.

आपल्याकडेही सैनिकासाठी असा कायदा होता, हे मला आत्ता आत्ता कळलं. १९२५ सालचा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. लढाईच्या किंवा तशा खास परिस्थितीत असलेल्या जवानाविरुद्धचा खटला त्याने थांबतो. सोसायटीच्या कर्जाला तो कितपत लागू झाला असता ते सोड. पण गावात त्याचं नाव कुणी घेतलेलं माझ्या कानावर कधी आलं नाही. आजीने पाटल्या मोडल्या.

आता तुझं घर. नीट वाच, कारण इथे बरेच जण फसतात. तू कर्ज नौदलात असताना घेते आहेस. म्हणून वर सांगितलेलं ६ टक्क्यांचं आणि कोर्टाचं संरक्षण तुझ्या या कर्जाला नाही. ते सेवेआधीच्या कर्जाला आहे. युनिफॉर्म घातला म्हणजे आपोआप ढाल मिळते असं समजू नकोस. तुझ्या हाताखाली जी नवीन पोरं येतात, त्यांच्यातल्या कुणाचं आधीचं कार लोन असेल, कुणाचं क्रेडिट कार्ड. ते मात्र त्यात बसतं. त्यांना विचार. बेसवरच्या लीगल असिस्टन्सला घेऊन जा. कर्ज थकल्याने क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामाची परवानगी, अडकलेलं पोरगं कायदा शोधत बसत नाही, लाजेने गप्प राहतं.

शून्य डाउन पेमेंट म्हणजे पहिल्या दिवशी त्या घरात तुझं स्वतःचं काहीच नाही. त्यावर फंडिंग फी २.१५ टक्के, म्हणजे साडेतीन लाखांवर ७,५२५ डॉलर. ती कर्जात मिसळलीस तर घराच्या किमतीपेक्षा तुझं देणं जास्त होऊन बसतं. तीन वर्षांनी पीसीएसचा, म्हणजे बदलीचा, हुकूम आला आणि तेव्हा बाजार पडलेला असेल तर? २००८-०९ मध्ये सॅन डिएगोकडे किमती वरच्या टोकापासून सुमारे ४० टक्के खाली आल्या होत्या. बदली झालेली कुटुंबं घर विकूही शकत नव्हती, ठेवूही शकत नव्हती. शेवटी २००९ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी ५५ कोटी ५० लाख डॉलर वेगळे काढावे लागले. दर वेळी तसं होईलच असं नाही. थकलेल्या व्हीए कर्जदारांची कर्जं विकत घेण्याची योजना १ मे २०२५ ला बंद झाली, त्यातही कित्येक जण मध्येच लटकले.

म्हणून माझं ऐक. बीएएच, म्हणजे फौजेचा घरभत्ता, पूर्ण हप्त्यात घालू नकोस. बदलीनंतर ते घर भाड्याने दिलं तर किती येईल, हे आजच तिथल्या दोन-तीन एजंटांना विचार आणि हप्ता त्याच्या आत बसव. सहा महिन्यांचा हप्ता बाजूला काढ, मगच क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा करायची, तारीख घे. कमी पडलं तर पाच हजार मी देते. ते परत करू नकोस. आणि सहीच्या आधी सगळे कागद मला पाठव. या वेळी मी वाचणार आहे.

अजून एक काम आहे. ते लोक टेक्ससला गेले एवढंच मला माहीत आहे. तुझं आणि तुझ्या मैत्रिणीचं मध्ये इन्स्टाग्रामवर बोलणं झालं होतं ना? तिला विचारून तिच्या आईचा पत्ता घे. पोस्टाचा, फोन नंबर नको. फोनवर मला रडू येईल आणि तिलाच माझी समजूत घालावी लागेल. तिला लिहायचं पत्र चार वेळा सुरू केलं आहे, इंग्रजीत. ती म्हण कशी लिहावी तेवढं जमत नाहीये. तू दहा वर्षांची असताना तिच्या लेकीला कोणत्या शब्दांत सांगितली होतीस, ते आठवत असेल तर कळव.

बाबा बरे आहेत. जेवत जा.

तुझी,
आई