रातांबे पिकायच्या आधी

वेंगुर्ला, १२ मार्च

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू कुडाळला गाडीत बसल्यावर मी फोन केला, तू उचलला नाहीस. रागात असशील. घरातून निघताना ‘पैसे बुडतील’ हे मी बोलायला नको होतं. निघणाऱ्या माणसाला असं कोणी बोलतं का? हातावर दही ठेवायचंही राहून गेलं. रात्रभर तेच मनात होतं, म्हणून पूजा झाल्या झाल्या लिहायला बसलेय. फोनवर आपलं पुन्हा वाजेल.

दादरच्या दुकानदाराने ६०० बाटल्या मागितल्या याचा मला आनंद आहे गं. काकीला मी तीनदा सांगितलं. मागच्या पडवीसमोर बरण्यांना फडकी बांधून आपण उन्हात ठेवलेलं अमृत कोकम मुंबईच्या दुकानात लागणार, हे आजीने बघायला हवं होतं. रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या फळाच्या सालीवर साखर, साखरेवर साल असे थर लावताना ती आम्हाला बोलूसुद्धा द्यायची नाही.

पण पैसे दोन महिन्यांनी, हे मला पटत नाही.

तुझी हिशेबाची वही तू टेबलावरच विसरलीस. रातांबे, साखर, बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून बाटलीमागे ९२ रुपये धरलेस, १२० ला देतेस, म्हणजे २८ सुटले. त्यात मुंबईपर्यंतचं भाडं कुठे आहे? ते ८ धर. काकी आणि शेजारच्या दोघींची मजुरी ९. फुटीचे २. उरले ९ रुपये, आणि तुझा स्वतःचा पगार अजून कुठेच लिहिलेला नाही. रात्री अकरापर्यंत दिव्याखाली लेबलं चिकटवत बसतेस, त्याचं मोल तूच शून्य धरलंस तर दुकानदार कशाला जास्त धरेल? १२० हा भाव पुन्हा बोलून घे.

आणि ६०० बाटल्या म्हणजे आपले ६६,६०० रुपये त्याच्या फळीवर. आज माल गेला तर पैसे मेच्या मध्यावर, तेही वेळेवर दिले तर. रातांबे पिकणार एप्रिलच्या शेवटापासून. साखर तेव्हाच घ्यायची, बायकांना मजुरी तेव्हाच द्यायची. पाऊस लागला की ऊन संपलं, ना सरबत ना सोलं, म्हणजे वाळवलेल्या साली. वहीत नफा दिसतो, पण त्या नफ्याने साखरेचं पोतं येत नाही.

बाबांच्या पट्ट्या, दलालाने पाठवलेले विक्रीचे हिशेब, अजून माजघरात तारेला ओवलेल्या आहेत. तू लहान होतीस. आंब्याच्या पेट्या बाजारात जायच्या, फुलोऱ्यालाच दलालाकडून उचल घेतलेली असायची, आणि पावसात कधीतरी पट्टी यायची. हमाली वजा, दलाली वजा, भाडं वजा, उचल वजा. एका वर्षी ८० पेट्यांची पट्टी आली आणि खाली आपल्याच नावावर देणं निघालं. बाबा पडवीत उभे राहून तो कागद वाचत होते. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते. दादाची फी भरायची होती. माझ्या पाटल्या त्याच आठवड्यात गहाण गेल्या. बाबा कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर कलमांखाली उभं राहून ते फळं मोजायचे ते थांबले.

हे सगळं सांगायचं नव्हतं. तुझा धंदा वेगळा आहे, तू शिकलेली आहेस, मला माहीत आहे. मी व्याख्यान देत बसले, राग धरू नकोस.

तरी एवढं कर. सगळ्या ६०० एकदम देऊ नकोस. आधी २०० दे, त्यांचे पैसे आले की पुढच्या २००. न विकलेला माल परत आला तर भाडं कोणाचं, फुटलेली बाटली कोणाच्या नावावर, हे कागदावर घे. सरकारकडे छोटा उद्योग म्हणून आपली उद्यम नोंदणी आहे, बिलावर तो नंबर छाप. जिल्हा उद्योग केंद्राच्या वर्गात मी लिहून घेतलं होतं: २००६ च्या कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. करारात ६० लिहिले तरी कायदा ४५ च धरतो. भांडू नकोस, नुसतं सांग.

‘जीआय’, म्हणजे भौगोलिक मानांकन, मात्र लेबलावर घाईने छापू नकोस. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ साली ते मिळालं हे खरं, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी व्हायची आहे. ‘वापरण्याआधी हलवा’ हे मात्र मोठ्या अक्षरात हवं. तळाशी साका बघून त्या बाईंनी बाटली परत केली होती, आठवतं ना?

आणखी एक. माझ्या निळ्या वहीत चाकरमान्यांची १४० नावं आहेत. गणपतीत, शिमग्यात येतात, बाटल्या घेऊन जातात, पैसे हातावर ठेवतात. मुंबईत आहेस तर रोज दहा जणांना फोन कर. ‘आई कशी आहे’ विचारतील, बोल त्यांच्याशी. एका इमारतीतल्या चार घरांनी मिळून खोका घेतला तर भाडंही वाचतं. त्यांना बाटलीचे १८० रुपये जड वाटत नाहीत, कारण त्यांनी ती बरणी उन्हात बघितलेली आहे. तुझं दुकान मला तिथे दिसतं. उधारीही नाही. बघ, पुन्हा तिथेच आले.

पाटल्या सुटून आल्यात, कपाटात आहेत. तू मागितल्या नाहीस, मागणारही नाहीस. पण मेमध्ये साखरेला पैसे कमी पडले तर बाहेरून व्याजाने उचलायच्या आधी मला सांग.

विहिरीजवळच्या रातांब्याला फळ धरलंय, अजून हिरवं आहे. काकी म्हणते यंदा आठ दिवस आधी पिकेल. बरण्या मी धुवून वाळवून ठेवते. मावशीकडे दोन बाटल्या दे, पैसे घेऊ नकोस. पत्र पोचल्याचा फोन कर.

तुझी,
आई